हिशेब जाणणारा माणूस

माझा नातू सध्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. परवा जेवताना त्याने विचारलं, "आजोबा, ताश्कंद करार कुणाच्या मध्यस्थीने झाला?" मी म्हटलं, "कोसिजिन." "बरोबर," म्हणून तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुस्तक मिटून म्हणाला, "पण हे कोसिजिन होते कोण?" मी सांगितलं, "रशियाचे पंतप्रधान. पण मुळात हिशेबाचा माणूस." त्यावर तो हसला. "सगळंच सरकारचं, मग हिशेब कुणाशी करायचा?"

त्याने सहज विचारलं, पण मी दोन-तीन दिवस त्याच प्रश्नात होतो. म्हणून हा लेख. जरा लांबलाय, सवडीने वाचा.

आमच्या पिढीला कोसिजिन माहीत झाले ते एका फोटोमुळे. ११ जानेवारी १९६६, मंगळवार. मी तेव्हा आठवीत होतो. आदल्या दिवशी सोमवार. शास्त्रीजींनी सांगितलं होतं की धान्य कमी आहे, तेव्हा आठवड्यातून एक जेवण सोडा. आमच्या घरी सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. तशी ती त्या सोमवारीही पेटली नव्हती. सकाळी शेजारच्या रेडिओवर बातमी आली की शास्त्रीजी ताश्कंदला गेले. शाळेत प्रार्थनेनंतर गुरुजींनी दोन वाक्यं सांगितली आणि त्यांना पुढे बोलता येईना. तीन दिवसांवर संक्रांत होती, पण कुणी कुणाला फारसं "गोड बोला" म्हटलं नाही.

मग वर्तमानपत्रात तो फोटो आला. ताश्कंदच्या विमानतळावर शास्त्रीजींची शवपेटी, आणि तिला खांदा देणारे दोघं. एक पाकिस्तानचे अध्यक्ष अयुबखान, ज्यांच्याशी चारच महिन्यांपूर्वी आपलं युद्ध झालं होतं. दुसरे कोसिजिन. जाड ओव्हरकोट आणि अतिशय थकलेला चेहरा. माझे वडील म्हणाले, "हा माणूस हसतच नसेल बहुतेक." पुढे कोसिजिन यांचे शेकडो फोटो पाहिले. वडिलांचं म्हणणं बरंचसं खरं होतं.

ताश्कंदच्या त्या बैठका ४ जानेवारीला सुरू झाल्या. आपल्या बाजूने शास्त्रीजींबरोबर परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण होते. दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५ च्या आधीच्या जागी परत जायचं, असं ठरत होतं. म्हणजे आपल्या जवानांनी जिंकलेली हाजीपीर खिंड सोडायची. सोपं नव्हतं. कोसिजिन या गोटातून त्या गोटात जात राहिले आणि १० तारखेला सह्या झाल्या. त्याच रात्री शास्त्रीजी गेले. कोसिजिन नंतर अंत्ययात्रेसाठी दिल्लीलाही आले होते.

आता मूळ माणसाकडे वळू.

अलेक्सी निकोलायविच कोसिजिन यांचा जन्म १९०४ चा, सेंट पीटर्सबर्गमधल्या एका कामगाराच्या घरातला. पंधराव्या वर्षी ते लाल सैन्यात दाखल झाले. यादवी संपल्यावर सहकाराचं शिक्षण घेऊन सैबेरियात गेले आणि १९३० पर्यंत तिथल्या ग्राहक सहकारी संस्थांमध्ये काम केलं. हा काळ लेनिनच्या नव्या आर्थिक धोरणाचा होता. छोट्या व्यापाराला थोडी मोकळीक होती. माल कुठून आणायचा, कुणाला विकायचा, गिऱ्हाइकाला काय हवंय, हे त्यांनी तिथे प्रत्यक्ष पाहिलं. पुढे त्यांच्या बरोबरीचे बरेच नेते पक्षाच्या कचेरीत वाढले. हा माणूस दुकानाच्या गल्ल्याजवळून आला होता, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. लग्नही तिकडेच झालं, मुलगीही तिकडेच झाली.

मग लेनिनग्राडला परत येऊन ते कापड-तंत्राच्या संस्थेत शिकले आणि १९३५ मध्ये इंजिनियर होऊन बाहेर पडले. यापुढची सनावळी जरा सावकाश वाचा. १९३७ मध्ये ते सूतगिरणीचे संचालक झाले. १९३८ मध्ये लेनिनग्राड शहराचे प्रमुख, म्हणजे आपल्या भाषेत महापौर. जानेवारी १९३९ मध्ये अख्ख्या सोव्हिएत देशाच्या वस्त्रोद्योगाचे मंत्री. वय ३४. पदवी घेऊन चार वर्षंही झाली नव्हती!

वर्गात हे सांगितलं असतं तर पोरं म्हणाली असती, केवढा हुशार माणूस. हुशार होतेच. पण १९३७-३८ ही स्टालिनच्या सर्वात मोठ्या कत्तलीची वर्षं आहेत. कारखान्यांचे संचालक, पक्षाचे सचिव, मंत्री, सेनापती रात्रीतून नाहीसे होत होते. वरच्या खुर्च्या भराभर रिकाम्या होत होत्या आणि खालचे तरुण भराभर वर जात होते. कोसिजिन ज्या ज्या खुर्चीवर बसले, तिथे आधी कोण होतं आणि त्याचं काय झालं, हे विचारायची सोय नव्हती. त्यांनी विचारलं असेल असंही वाटत नाही. खाली मान घालून काम करायचं, हा धडा तिथेच पक्का झाला असावा.

आणि काम मात्र असं केलं की थक्क व्हावं. २२ जून १९४१ ला हिटलरने हल्ला केला. दोनच दिवसांत कारखाने आणि माणसं पूर्वेकडे हलवण्यासाठी एक मंडळ नेमलं गेलं. कोसिजिन त्याचे उपाध्यक्ष होते. त्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत १,५०० हून अधिक कारखाने उचलून उरल पर्वताकडे, सैबेरियाकडे, मध्य आशियात नेले गेले. कारखाना उचलायचा म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. यंत्रं सुटी करायची, नटबोल्टसकट बांधायची, रेल्वेच्या वाघिणीत चढवायची. कामगार आणि त्यांची बायकामुलं त्याच गाडीत. आणि पलीकडे उतरल्यावर काही ठिकाणी डोक्यावर छप्पर यायच्या आधीच यंत्रं सुरू करायची. वाघिणी किती, कोणत्या रुळावर, कोणता माल आधी, हा सगळा हिशेबाचाच मामला होता. पुढे लढाई जिंकून देणारे रणगाडे आणि विमानं बऱ्याच अंशी याच उचलून नेलेल्या कारखान्यांतून आली.

जानेवारी १९४२ मध्ये त्यांना लेनिनग्राडला पाठवलं गेलं. त्यांचं स्वतःचं गाव. जर्मनांचा वेढा सप्टेंबर १९४१ पासून पडला होता. नोव्हेंबर-डिसेंबरात कामगार सोडून बाकीच्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि तोही भेसळीचा. माणसं रस्त्यात चालता चालता पडत होती. बाहेरचा रस्ता एकच उरला होता, गोठलेल्या लाडोगा सरोवराच्या बर्फावरून. कोसिजिन जुलैपर्यंत तिथे राहिले. त्या हिवाळ्यात, बर्फ वितळायच्या आत, साडेपाच लाखांहून जास्त माणसं त्या बर्फाच्या वाटेने बाहेर काढली गेली. जाताना लॉऱ्यांत माणसं, येताना पीठ. उन्हाळ्यात सरोवराच्या तळातून इंधनाची नळवाहिनी टाकली गेली आणि जूनमध्ये ती सुरू झाली.

त्यांच्या आयुष्यातलं दुसरं काहीही आपण विसरलो तरी एवढ्यासाठी त्यांचं नाव घ्यायला हरकत नाही, असं मला वाटतं. अर्थात हे एकट्याचं काम नव्हतं. बर्फावर गाडी घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हरांपैकी किती तरी जण गाडीसकट पाण्यात गेले. पण वेळापत्रक करणारा माणूस चुकला असता तर आणखी किती गेले असते!

लढाई संपली. कोसिजिन उपपंतप्रधान होते, १९४८ मध्ये काही महिने अर्थमंत्री झाले आणि त्याच वर्षी पॉलिटब्यूरोचे पूर्ण सदस्य. इथे त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या माणसाची गोष्ट सांगायला हवी. निकोलाय वोझ्नेसेन्स्की. जन्म १९०३, लेनिनग्राडमधूनच वर आलेले, गॉस्प्लानचे म्हणजे तिथल्या नियोजन मंडळाचे प्रमुख. अत्यंत बुद्धिमान अर्थतज्ज्ञ म्हणून त्यांची ख्याती होती. युद्धकाळातल्या अर्थव्यवस्थेवर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं. आणि १९४९ मध्ये त्यांच्यावर आरोप आले की योजनेचे आकडे मुद्दाम कमी धरले, गोपनीय कागद गहाळ केले. त्याबरोबर लेनिनग्राडच्या सगळ्या नेत्यांवर कटाचा आरोप. फाशीची शिक्षा त्या देशात १९४७ मध्ये रद्द झाली होती. ती जानेवारी १९५० मध्ये परत आणली गेली. १ ऑक्टोबर १९५० ला वोझ्नेसेन्स्की, कुझ्नेत्सॉव्ह आणि त्यांचे साथीदार गोळ्या घालून मारले गेले. १९५४ मध्ये, म्हणजे स्टालिन गेल्यावर, ते सगळे निर्दोष होते असं जाहीर झालं. इतिहासात अशी "निर्दोष" ठरवणारी पत्रं वाचली की कुणाला राग यावा ते कळत नाही.

कोसिजिनसुद्धा लेनिनग्राडचेच. कुझ्नेत्सॉव्ह यांच्याबरोबर त्यांनी वेढ्यात काम केलेलं, शिवाय बायकोच्या बाजूने त्या घराशी नातं. त्यांचं नाव त्या प्रकरणात आलंच होतं. ख्रुश्चेव्ह यांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे की त्यांचा जीव अगदी केसावर लोंबकळत होता आणि ते केवळ नशिबाने वाचले. घरच्यांची आठवण अशी की त्या दिवसांत सकाळी कामाला निघताना ते बायकोला सांगून जात, मी परत आलो नाही तर काय काय करायचं. वस्त्रोद्योगाचं काम चालूच होतं. माणूस घरातून निघताना निरवानिरव करतो, कचेरीत जाऊन सुताच्या उत्पादनाचे तक्ते तपासतो, आणि संध्याकाळी घरी येतो. असं एक दिवस नाही, कित्येक महिने.

मी या जागेवर नेहमी थांबतो. एका हिशेब जाणणाऱ्या माणसाला गोळी घातली गेली. दुसरा वाचला. वाचलेल्याने त्यातून काय शिकायचं?

स्टालिननंतर ते पुन्हा वर आले. १९५९ मध्ये गॉस्प्लानचे प्रमुख झाले, १९६० मध्ये पहिले उपपंतप्रधान. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह यांना बाजूला सारलं गेलं. पक्ष ब्रेझनेव्ह यांच्याकडे आणि सरकार कोसिजिन यांच्याकडे, अशी वाटणी झाली. त्या खुर्चीवर ते १६ वर्षं राहिले.

आता नातवाच्या प्रश्नाचं उत्तर. सगळंच सरकारचं, तर हिशेब कुणाशी?

तिथली पद्धत अशी होती की मॉस्कोत बसून प्रत्येक कारखान्याला उत्पादनाचं उद्दिष्ट दिलं जायचं. उद्दिष्ट पुरं केलं की बोनस, शाबासकी. चुकलं की खरडपट्टी. दुकानात तो माल खपतो की पडून राहतो, याच्याशी कारखान्याला देणंघेणं नाही. मग उद्दिष्ट वजनावर असेल तर माल जड निघायचा. नगांवर असेल तर एकाच सोप्या मापाचे ढीग. बूट भरपूर, पण पायात जातील असे नाहीत. कागदावर उत्पादन वाढतंय आणि बाई रांगेत उभी आहे. शिवाय यंदा उद्दिष्टापेक्षा जास्त केलं तर पुढच्या वर्षी उद्दिष्टच वाढतं, म्हणून शहाणा संचालक आपली खरी ताकद लपवून ठेवायचा. म्हणजे खालून वर खोटा आकडा, वरून खाली खोट्या आकड्यावर आधारलेली योजना.

आम्हा शिक्षकांना हे समजवून सांगावं लागत नाही. अल्पबचतीचं टार्गेट, कुटुंबनियोजनाच्या केसेस, पटनोंदणी, सगळं आम्ही केलंय. एका वर्षीची गोष्ट आहे. कोणतं वर्ष, कोणती शाळा, ते सांगत नाही. माझ्या वर्गातली नऊ मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. पट कमी दिसला तर तुकडी तुटणार, तुकडी तुटली की एक शिक्षक जादा ठरणार. तो शिक्षक नवा होता, बायको बाळंत व्हायची होती. मला सांगण्यात आलं, हजेरी भरून टाका. मी भरली. चार महिने रोज सकाळी त्या नऊ नावांपुढे "हजर" लिहीत गेलो. एक नोकरी वाचली, हे खरं. पण ती मुलं कागदावर वर्गातच असल्यामुळे ती कुठे आहेत, हे विचारायला कुणीही आलं नाही. त्यांतली चारच परत वर्गात बसली. खोट्या आकड्याने कुणाचं नुकसान होतं, असं जर कुणी विचारलं तर माझ्याकडे उरलेल्या पाचांची नावं आहेत.

म्हणून मी कोसिजिन यांच्याबद्दल लिहिताना आवाज फार चढवू शकत नाही.

तर या दुखण्यावर औषध काय, यावर तिथे उघड चर्चा सुरू झाली होती. खारकोव्हचे एक प्राध्यापक, येवसेई लिबरमन, यांचा लेख सप्टेंबर १९६२ मध्ये 'प्रावदा'मध्ये छापून आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कारखान्याला शंभर हुकूम देण्यापेक्षा त्याचा नफा बघा आणि नफ्यातून कामगारांना बक्षीस द्या. कम्युनिस्ट देशात "नफा" हा शब्द! १९६४ मध्ये मॉस्कोच्या 'बोल्शेविच्का' आणि गोर्कीच्या 'मायाक' या दोन कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत प्रयोग झाला. दुकानं मागतील तसे कपडे शिवायचे. म्हणजे काय, तर गिऱ्हाइकाला विचारायचं. आपल्याकडचा कुठलाही शिंपी हे करतो, पण तिथे त्यासाठी सरकारी प्रयोग करावा लागला.

सप्टेंबर १९६५ मध्ये, ताश्कंदच्या तीन-चार महिने आधी, कोसिजिन यांनी पक्षाच्या मध्यवर्ती समितीपुढे आपली सुधारणा मांडली. कारखान्यावर लादलेली उद्दिष्टं सुमारे ३० वरून ९ वर आणायची. नुसतं किती बनवलं यापेक्षा किती विकलं गेलं आणि नफा किती, हे बघायचं. नफ्यातला काही भाग कारखान्याकडेच ठेवायचा, त्यातून बोनस, घरं, नवी यंत्रं. पुढे १९६७ पासून श्चेकिनो इथल्या रसायन कारखान्यात असंही करून पाहिलं की कमी माणसांत तेवढंच काम केलं तर वाचलेल्या पगारातला वाटा उरलेल्यांना. १९६६ ते ७० या आठव्या योजनेला रशियात आजही लोक "सोनेरी" पंचवार्षिक म्हणतात. याच काळात, १९६६ मध्ये, इटलीच्या फियाटशी करार झाला आणि व्होल्गाकाठी तोल्यात्ती इथे मोटारींचा प्रचंड कारखाना उभा राहिला. १९७० मध्ये तिथून पहिल्या 'झिगुली' बाहेर पडल्या. साध्या माणसाला स्वतःची गाडी, हे स्वप्न तिथे तेव्हा पहिल्यांदा आवाक्यात आलं.

पण सुधारणा मात्र विरत गेली. कारणं पुष्कळ सांगतात. मला तीन पटतात.

पहिलं म्हणजे ती अर्धीच होती. नफा बघा म्हटलं, पण किमती सरकारच ठरवणार. किंमतच खरी नसेल तर नफ्याचा आकडा खरा कसा असेल? कारखान्यांना मोकळीक दिली, पण त्याच सुधारणेत मॉस्कोची मंत्रालयं पुन्हा उभी केली. आणि मंत्रालय म्हटलं की ते हुकूम सोडणारच. बंद केलेली उद्दिष्टं हळूहळू मागच्या दाराने परत आली.

दुसरं, १९६८. चेकोस्लोव्हाकियात अशीच आर्थिक सुधारणा चालू होती. तिथले लोक तिच्यामागून बोलायचं आणि छापायचं स्वातंत्र्य मागू लागले. ऑगस्टमध्ये रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्यानंतर मॉस्कोत "सुधारणा" या शब्दाकडेच संशयाने पाहिलं जाऊ लागलं. रणगाडे पाठवणाऱ्या सरकारचे पंतप्रधान स्वतः कोसिजिन होते, हे विसरून चालणार नाही. प्रागमध्ये जे चिरडलं गेलं त्यात त्यांच्या स्वतःच्या कामाचाही काही भाग होता.

तिसरं, तेल. १९६५ मध्येच पश्चिम सैबेरियात सामोतलोर हा अफाट तेलसाठा सापडला. तिथलं तेल बाहेर काढण्यासाठी कोसिजिन यांनी स्वतः जिवाचं रान केलं. १९७३ मध्ये जगात तेलाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाली. डॉलर येऊ लागले. शेती पिकत नाही? धान्य बाहेरून विकत घ्या. यंत्रं नीट होत नाहीत? तीही घ्या. मग सुधारणेची कटकट कशाला? ज्या माणसाने घर दुरुस्त करायला घेतलं, त्यानेच अंगणात सोन्याचा हंडा शोधून दिला, आणि घरच्यांनी दुरुस्ती थांबवली, असं काहीसं ते झालं.

चौथं कारण कदाचित स्वभावाचं. ब्रेझनेव्ह यांना मैफल जमवता यायची, माणसं खूश ठेवता यायची. कोसिजिन यांना ते येत नव्हतं. ते आकडे पाठ असणारे, कोरडे, कडक. पण भांडले असते तरी काय झालं असतं, सांगता येत नाही. १९५० मध्ये जे शिकले होते ते त्यांच्या हाडात होतं. हिशेब मांडायचा, पण शेवटची बेरीज मोठ्याने वाचायची नाही. कारण ती बेरीज पक्षाच्या विरुद्ध जाते.

१ मे १९६७ ला त्यांची पत्नी क्लाव्दिया कर्करोगाने गेली. त्या दिवशी लाल चौकात मे दिनाचं संचलन होतं आणि ते मंचावर उभे होते. याबद्दल मी काहीच लिहीत नाही. वाचणाऱ्याने आपल्या मनाशी समजून घ्यावं.

भारताशी मात्र त्यांचा संबंध शेवटपर्यंत राहिला. १९६८ च्या प्रजासत्ताक दिनाला ते आणि युगोस्लाव्हियाचे टिटो पाहुणे होते. मार्च १९७९ मध्ये, मोरारजीभाई पंतप्रधान असताना, ते पुन्हा दिल्लीला आले. त्याच महिन्यातली एक गोष्ट सोव्हिएत देश कोसळल्यानंतर उघड झालेल्या कागदांत आहे. अफगाणिस्तानचे तराकी यांचं कोसिजिन यांच्याशी फोनवर बोलणं झालं. हेरातमध्ये उठाव झाला होता. तराकी म्हणत होते, सैन्य पाठवा, हवं तर ताजिक, उझबेक सैनिकांना आमचे गणवेश घालून पाठवा. कोसिजिन त्यांना विचारत राहिले की तुमच्या बाजूने तुमच्या देशात किती कामगार आहेत, किती विद्यार्थी आहेत. पुन्हा हिशेब! उत्तरं समाधानकारक नव्हती आणि त्यांनी नकार दिला. डिसेंबरात सैन्य पाठवायचं ठरलं त्या कागदावर कोसिजिन यांची सही नाही. हृदयविकाराने ते आजारी होते, त्या बैठकीला नव्हते. शहाणपणाची बेरीज त्यांनी या वेळी मार्चमध्ये तरी मोठ्याने वाचली होती. पण ती बंद दाराआड.

ऑक्टोबर १९८० मध्ये त्यांनी पद सोडलं आणि १८ डिसेंबरला ते गेले. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, ब्रेझनेव्ह यांचा वाढदिवस होता. पंतप्रधानपदी १६ वर्षं काढलेल्या माणसाच्या मृत्यूची बातमी देशाला दोन दिवसांनी कळली. अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या. आत्मचरित्र त्यांनी लिहिलं नाही. पुढे १९८७ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी कारखान्यांना मोकळीक देणारा कायदा केला, त्यात १९६५ चीच बरीच कल्पना होती. बावीस वर्षं उशिरा. १९९१ च्या डिसेंबरात तो देशच उरला नाही.

आमच्या लहानपणी रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं स्वस्तात मिळायची. त्यांची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो. त्यात सगळी शेतं पिकलेली, सगळे कामगार हसरे. त्या हसऱ्या चेहऱ्यांच्या देशाचा पंतप्रधान मात्र कधी हसत नसे, कारण त्याला खरे आकडे माहीत होते. हे मला कळायला आयुष्य गेलं.

मग हा माणूस चांगला म्हणायचा की वाईट? वर्गात असा प्रश्न आला की मी टाळायचो. आता टाळत नाही. लेनिनग्राडमध्ये त्यांनी लाखो जीव वाचवायला हातभार लावला, ते पूर्ण गुण. रिकाम्या खुर्च्यांबद्दल आणि प्रागबद्दल गप्प राहिले, तिथे शून्य. आणि सुधारणेला अर्धे. कारण निम्मं गणित त्यांनी बरोबर सोडवलं होतं आणि पुढची पायरी त्यांना येत नव्हती असं नाही, ती लिहायची हिंमत झाली नाही. पण तपासणाऱ्याने आपलीही वही उघडून ठेवावी. माझ्या वहीत नऊ नावांपुढे "हजर" लिहिलेलं आहे. मला तर कुणी गोळी घालणार नव्हतं.

हे सगळं नातवाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मध्ये एकदाही मोबाइल बघितला नाही, हे विशेष. शेवटी म्हणाला, "आजोबा, प्रश्न एका मार्काचा आहे हो."

खरंय त्याचं. असो.